सोलापुरी जेवणासोबत ड्राय व्हाईट वाईन कशी जमवायची?

तुम्ही विचारलंय की सॉविन्यॉं ब्लांची, म्हणजे गोड नसलेल्या (ड्राय) व्हाईट वाईनची बाटली आणलीय आणि घरी मटण आहे, तर चालेल का. खरं सांगू, काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यासोबत नका उघडू, वाईनची चवच लागत नाही आणि अल्कोहोलमुळे तिखट अजून चढतं.

ही वाईन आंबटसर असते, म्हणजे लिंबू पिळल्यावर जे चांगलं लागतं ना त्या सगळ्यासोबत ती जमते. उजनीचा मासा आणा, हळद मीठ लसूण आणि अगदी थोडं तिखट लावून रव्यात घोळवून तळा, गरम तुकडा खाल्ला की तोंडात तेल राहतं आणि वाईनचा एक घोट घेतला की ते साफ होतं, पुढचा तुकडा परत पहिल्यासारखा लागतो. हिवाळ्यात हुरडा पण मस्त, कोवळा गोडसर असतो, फक्त शेंगाचटणी जरा बेतानं घ्या. तिखटच हवं असेल तर शेनिन ब्लां ही किंचित गोड व्हाईट वाईन घ्या, नाशिकची सहज मिळते.

आणि आपल्याकडच्या उन्हात बाटली बाहेर ठेवू नका प्लीज, ८ ते १० डिग्रीला प्यायची असते, बर्फ पाण्यात वीस मिनिटं बुडवली की झालं.