आकडा सांगा आणि गप्प बसा

निसर्गसंवर्धन संस्थांमध्ये मोठ्या देणगीदारांचं काम बघणाऱ्यांकडून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. काही पत्रं चार-चार पानांची होती, ती आटोपशीर केली आहेत.

प्रश्न: बारा वर्षं मी फील्डवर बेडकांवर काम केलं. आता संस्थेने मोठ्या देणग्यांची जबाबदारी दिली आहे. लोकांना भेटायला आवडतं, पण पैशाचा विषय काढायची वेळ आली की जीभ अडखळते. भीक मागतोय असं वाटतं.

‘तुम्ही स्वतःसाठी थोडंच मागताय?’ असं तुम्हाला सगळे सांगतील. ते खरंच आहे, पण त्याने लाज जात नाही. लाज तयारीने जाते, आणि काही वेळा हात पोळल्यावर.

माझा हात असा पोळला. एक निवृत्त डॉक्टर बाई आमच्या पाणथळीच्या कामाला दोन वर्षं मदत करत होत्या. शेजारची जागा विकत घ्यायची संधी आली म्हणून मी त्यांच्याकडे गेलो आणि घोटून ठेवलेला आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला लागल्या. आधी डावी काच. उजवीपर्यंत पोचायच्या आत मीच बोलून गेलो, “म्हणजे, निम्मे दिलेत तरी चालेल.” त्यांनी चष्मा लावला आणि निम्म्याचा धनादेश लिहिला. वर्षभराने त्यांनीच सहज सांगितलं की चष्मा पुसताना कुठली ठेव मोडावी याचा त्या हिशोब करत होत्या. तोवर जागेचा उरलेला तुकडा दुसऱ्याने घेतला होता.

म्हणून नव्या माणसाला मी एकच गोष्ट सांगतो. आकडा सांगा आणि गप्प बसा. बेडूक ओरडेपर्यंत तुम्ही रात्र रात्र डबक्याकाठी निमूट बसला आहात, तुम्हाला हे इतरांपेक्षा सोपं जायला हवं.

कमी मागणं हाही लाजेचाच एक प्रकार असतो. १९२६ साली अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे अधीक्षक होरेस ऑलब्राइट यांनी तेलसम्राटाचे चिरंजीव जॉन डी. रॉकफेलर धाकटे आणि त्यांच्या पत्नीला टेटन पर्वताच्या पायथ्याचं खोरं दाखवलं. डोंगर अप्रतिम होते, पण मध्येच मोडकळीला आलेली बांधकामं आणि जाहिरातींचे फलक. ते कसे हटवता येतील आणि खर्च किती, असं रॉकफेलरांनी विचारलं. ऑलब्राइट नंतर नकाशे घेऊन न्यूयॉर्कला गेले, ते खोऱ्याच्या एका बाजूचाच अंदाज घेऊन. रॉकफेलरांचं म्हणणं पडलं की मला तर अख्खं खोरं दाखवलं होतं, मला रस त्यात आहे. पुढे एका कंपनीच्या आडून, स्वतःचं नाव कळू न देता, त्यांनी जमिनी घेतल्या आणि १९४९ मध्ये ३० हजारांहून जास्त एकर सरकारला दिले. दुसऱ्याच वर्षी ती जमीन ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानात आली. या गोष्टीत मला दोन जागा महत्त्वाच्या वाटतात. ऑलब्राइटनी भाषण न करता जागा दाखवली. आणि खर्च किती हा प्रश्न पाहुण्यांकडून आला.

घरी मोठ्याने सराव करा: “या कामासाठी इतकी रक्कम देण्याचा तुम्ही विचार कराल का?” वाक्य एवढंच ठेवा. पुढे ‘अर्थात’, ‘जमलं तर’, ‘म्हणजे तसं काही नाही’ ही शेपटं जोडू नका. नकार आला तर तो रकमेला आहे, कामाला आहे की वेळेला, हे विचारून घ्या. बहुतेक वेळा तो वेळेला असतो.

प्रश्न: माझ्या यादीत दीडशे नावं आहेत. संचालक म्हणतात तेवढी लागतातच. मला निम्म्या लोकांचे चेहरेही आठवत नाहीत.

शंभर ते दीडशे हा आकडा या धंद्यात सर्रास सांगितला जातो. पूर्णवेळ, अनुभवी आणि हाताशी मदतनीस असलेल्या माणसासाठी तो ठीक आहे. तुम्ही नव्या आहात आणि अहवालही तुम्हीच लिहिता, तेव्हा साठ नावं नीट सांभाळलीत तरी भरपूर.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात निधी उभारणारे बक स्मिथ आणि डेव्हिड डनलॉप यांनी एक पद्धत घडवली. प्रत्येक देणगीदारासाठी पुढचं पाऊल आधीच ठरवायचं, ते टाकलं की नोंद करायची आणि लगेच त्यापुढचं ठरवायचं. पाऊल म्हणजे फोन, एखादा लेख पाठवणं, शास्त्रज्ञाशी गाठ घालून देणं, काहीही. ज्या नावापुढे पुढचं पाऊल आणि तारीख लिहिता येत नाही, ते नाव तुमच्या यादीत नाही असं समजा. संचालकांना दीडशेच दाखवायची असतील तर दाखवा, पण स्वतःच्या वहीत खरी यादी वेगळी ठेवा.

आणि त्यांच्यापुढे एक कोष्टक मांडा. उद्दिष्टाच्या रकमेत सगळ्यात मोठी देणगी साधारण दहा ते पंचवीस टक्क्यांची लागते, आणि अशी एक देणगी मिळवायला तीन-चार खरोखर शक्य असलेली माणसं लागतात. ही तीन-चार नावं कोणती, हा प्रश्न बैठकीत विचारलात की दीडशेची चर्चा आपोआप मागे पडेल.

प्रश्न: आमचे सगळ्यात मोठे देणगीदार फक्त मोठ्या मांजरांसाठी देतात. आमचं खरं काम गवताळ प्रदेश आणि गिधाडांवर आहे. प्रत्येक अर्जात कुठेतरी बिबट्या घुसवावा लागतो. हे योग्य आहे का?

बिबट्या त्या गवतात खरंच फिरत असेल तर घुसवा की. नसेल तर नको. नसलेला बिबट्या कागदावर आणलात की पुढच्या वर्षी त्याचा अहवालही लिहावा लागतो.

देणगीदाराला देखणं जनावर आवडतं ही तक्रार मी तीस वर्षं ऐकतोय. माझा अनुभव असा की बेदेखणं जनावर आपण त्यांना नीट सांगितलेलंच नसतं. गिधाडांचंच घ्या. दक्षिण आशियात गिधाडांच्या तीन जाती काही वर्षांतच ९५ टक्क्यांहून जास्त घटल्या आणि कारण कोणाला कळेना. रोग असावा असा अंदाज होता. पेरेग्रीन फंड या शिकारी पक्ष्यांवर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या संशोधकांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडं उघडून पाहिली. आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. तो युरिक आम्लाचा, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झालेली. माग काढता काढता ते डायक्लोफेनॅक या गुरांना देण्याच्या वेदनाशामकापाशी पोचले. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरत. हे २००४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं आणि २००६ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ या तिन्ही देशांनी गुरांसाठीच्या या औषधावर बंदी आणली.

आता विचार करा, सडलेल्या पक्ष्यांच्या शवविच्छेदनाला पैसे द्या असं सांगायला कोणीतरी गेलं असेलच ना? ही रहस्यकथा आहे. तुमच्या देणगीदारांना ती खुनाचा तपास सांगावा तशी सांगा आणि त्यांच्याकडे प्रयोगशाळेचा एक वर्षाचा खर्च मागा. मांजरांसाठीची त्यांची देणगी तशीच राहू द्या, तिला हात लावू नका. माणूस पहिलं प्रेम सोडून दुसरीकडे जात नाही, पण दुसऱ्यासाठी जागा करतो.

मांजरांच्या नावाने आलेला पैसा मात्र गिधाडांवर खर्च करू नका, एका महिन्यासाठी उसना म्हणूनसुद्धा नाही. विशिष्ट कामासाठी दिलेला पैसा त्याच कामाचा.

प्रश्न: एका खाणमालकाला आमच्या नव्या केंद्राला स्वतःचं नाव द्यायचं आहे. रक्कम आमच्या वर्षभराच्या खर्चाएवढी आहे. विश्वस्त खूश आहेत, फील्डवरची मुलं राजीनाम्याची भाषा करतायत. मी मधे.

तुम्ही मधे आहात ते बरंच आहे, या कामाची जागाच ती आहे. पण निर्णय तुम्ही एकट्याने घेऊ नका आणि खाणमालकासमोर बसून तर मुळीच घेऊ नका.

कुठली देणगी घ्यायची आणि कुठली नाही याचं लेखी धोरण संस्थेकडे आहे का? नसेल तर या रकमेचं नाव न घेता ते आधी करून घ्या. पैसा कशातून आला, त्याच माणसाच्या एखाद्या प्रकल्पाला आपला विरोध आहे का किंवा उद्या करावा लागेल का, नाव किती वर्षं राहणार आणि काय घडल्यास काढता येणार, अहवालात ढवळाढवळ करण्याचा हक्क कोणी मागतंय का, एवढं तरी त्यात हवंच.

वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडने १९७० च्या सुमारास एक हजार एक लोकांकडून प्रत्येकी १० हजार डॉलर घेऊन एक कोटींचा कायमनिधी उभा केला. कल्पना हुशारीची होती. त्याच्या व्याजातून कार्यालयाचा खर्च चालणार, म्हणजे बाकीच्यांची देणगी थेट कामाला. पण सभासदांची नावं गुप्त ठेवली होती. ती पुढे बाहेर आली तेव्हा झैरचा (आताच्या काँगोचा) हुकूमशहा मोबुटू याचंही नाव त्यात निघालं. निधीची आखणी कितीही चोख असो, नंतर चर्चा नावांचीच होते.

माझं मत विचाराल तर: त्याची खाण तुमच्या अधिवासाच्या पाणलोटात येत असेल तर नाही म्हणा. येत नसेल तर पैसा घेता येईल, नाव नको. नाव न लावता तो द्यायला तयार आहे का, हे एकदा विचारून बघा. उत्तरातून बरंच कळेल. फील्डवरच्या मुलांशी मात्र आज बोला. त्यांना बाहेरून कळलं तर ती खरंच जातील.

प्रश्न: देणगीदारांना जंगलात नेलं आणि काहीच दिसलं नाही तर?

बहुतेक वेळा दिसत नाहीच. ते निघायच्या आधीच सांगा, आणि जनावराऐवजी काम दिसेल अशी सहल आखा.

एका गृहस्थांना मी भर पावसात सात तास फिरवलं. एक ठसा नाही. परतीच्या वाटेवर आमच्या फील्डवरच्या एका मुलीला जनावराची विष्ठा सापडली. तिने काडीने थोडी कागदी पाकिटात घेतली, वर तारीख, वेळ, जागा लिहिली, पाकीट ओलसर होऊ नये म्हणून सिलिका जेलच्या डबीत ठेवलं. गृहस्थ चिखलात उकिडवे बसून बघत राहिले. विचारलं, “हे पुढे कुठे जातं?” प्रयोगशाळेत, मी म्हटलं, डीएनएवरून जनावर कोणतं ते ओळखतात. “आणि हिचा पगार कोण देतं?” तो कोणीच नीट देत नव्हतं. त्यांनी पुढची तीन वर्षं दिला.

अपयशही असंच जवळून दाखवा. लावलेल्या रोपांपैकी निम्मी मेली असतील तर अहवाल छापायच्या आधी फोन करा, का मेली आणि आता काय करणार ते सांगा. वार्षिक अहवालाच्या सतराव्या पानावर ते त्यांना सापडता कामा नये.

प्रश्न: एक विश्वस्त म्हणतात, आणशील त्याचे पाच टक्के तुझे. घेऊ का?

नको. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या निधी उभारणाऱ्यांच्या संघटनेच्या आचारसंहितेत टक्केवारीवरच्या मोबदल्याला मनाई आहे, आणि ती का आहे हे समजायला संहिता वाचायचीही गरज नाही. ज्या बाईंची ठेव मोडली जाणार, त्यांना तुमचे पाच टक्के कळले तर काय वाटेल? पगार वाढवून मागा.

प्रश्न: मी दुसऱ्या संस्थेत चाललो आहे. माझे काही देणगीदार ‘आम्ही तुझ्याबरोबर येतो’ म्हणतात. त्यांची माहिती नेली तर चालेल?

‘माझे’ हा शब्द तेवढा काढा. नाती तुम्ही जोडलीत हे खरं, पण ती संस्थेच्या कामावर जोडली. यादी, नोंदी, फोन नंबर सगळं संस्थेचं, ते इथेच राहणार. त्यांचं त्यांनी तुम्हाला शोधून काढलं तर तो त्यांचा हक्क आहे. तुम्ही बोलावू नका.

जाण्याआधी पंधरा दिवस काढा आणि प्रत्येकाबद्दल अर्धं पान लिहा. रकमा सॉफ्टवेअरमध्ये असतातच. त्यात नसतं ते लिहा. यांना दुपारी फोन केलेला चालत नाही. यांच्या मुलाचा विषय आपणहून काढू नये. यांना पक्ष्यांपेक्षा घरट्यांमध्ये जास्त रस आहे, नव्या घरट्याचा फोटो आला की पाठवावा. या विचार करताना चष्मा पुसतात, तेव्हा मधे बोलू नये.