आईच्या मोतीबिंदूसाठी कुठली लेन्स? आधी अंतर ठरवा, मग पॅकेजचा कागद बघा

तुम्ही लिहिलंय त्यावरून, आई ६८ वर्षांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डायबिटीस बराच जुना, लहानपणापासून उणे नंबर (आता उणे ५ च्या आसपास), आणि हॉस्पिटलातल्या काउन्सेलरने मोनोफोकल, टोरिक, ईडॉफ, ट्रायफोकल अशी चढत्या भावाची पॅकेजेस लिहिलेला कागद हातात दिलाय. तुमचं म्हणणं, पैशाचा प्रश्न नाही, यातली सगळ्यात चांगली कुठली ते सांगा. हे 'पैशाचा प्रश्न नाही' एवढं त्या काउन्सेलरसमोर बोलू नका म्हणजे मिळवलं.

मी डॉक्टर नाही, पण घरातल्या ज्येष्ठांची ऑपरेशनं आणि मग माझे स्वतःचे दोन्ही डोळे असं करत करत या विषयात बरीच मुरलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात चांगली अशी लेन्स नसते हो. तरुणपणी डोळ्यातलं आपलं मूळचं भिंग जाड-बारीक होऊन जवळचं-लांबचं दोन्ही दाखवतं, वय वाढलं की ते कडक होतं म्हणून तर चाळिशी लागते. ऑपरेशनमध्ये ते काढून जी कृत्रिम लेन्स बसवतात ती अशी आकार बदलत नाही. म्हणजे साधी मोनोफोकल घेतली तर एकच अंतर चष्म्याशिवाय स्वच्छ दिसणार आणि बाकीच्याला चष्मा. ते कुठलं अंतर हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं, आणि खरा निर्णय तोच असतो.

बहुतेक ठिकाणी न विचारता लांबचं धरतात. म्हणजे नंबर शून्यावर आणायचा, रस्ता, टीव्ही, बसची पाटी चष्म्याशिवाय दिसणार, आणि वाचायला साधारण अधिक अडीचचा चष्मा. ज्यांना आयुष्यभर लांबचा चष्मा नव्हता त्यांना हे झकास. पण तुमच्या आई उणे ५ वाल्या, तुम्हीच लिहिलंय की पोथी वाचताना चष्मा काढून ठेवतात आणि पुस्तक अगदी नाकाशी धरतात. अशा माणसाचं काय होतं ते मी जवळून बघितलंय. आमच्या नात्यातल्या एक मावशी, अशाच उणे नंबरवाल्या, ऑपरेशन उत्तम झालं, लांबची नजर पूर्ण आली, डॉक्टर खूश. घरी येऊन तांदूळ निवडायला बसल्या आणि ताटातला खडा दिसेना. आयुष्यभर चष्मा कपाळावर सरकवून निवडणं, सुईत दोरा घालणं, गोळीच्या स्ट्रिपवरची तारीख वाचणं सगळं करत आलेल्या बाई, आता त्याच गोष्टींना चष्मा शोधायचा. "डोळा बिघडवला माझा" हे पालुपद कितीतरी महिने चाललं. डोळा काही बिघडला नव्हता, पण त्यांना काय हवंय हे आधी कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "टार्गेट किती ठेवणार?" उत्तर आकड्यात घ्या. शून्य म्हणजे लांबचं. उणे अडीच ठेवलं तर साधारण ४० सेंटिमीटरवर, म्हणजे मांडीवरची पोथी नि हातातला मोबाइल चष्म्याशिवाय स्वच्छ, आणि लांबचा चष्मा लागेल, पण तो आई लहानपणापासून लावतच आल्यात आणि आता तो आधीपेक्षा निम्मा पातळ असेल. यात अजून एक फायदा आहे जो कुणी सांगत नाही. पहिला डोळा शून्यावर आणला आणि दुसरा उणे ५ तसाच, तर मधल्या काळात दोन डोळ्यांत एवढी तफावत की चष्मा करून दिला तरी सहन होत नाही, गरगरतं, जिना उतरताना पाय चुकतो. उणे अडीचला तफावत निम्मी होते, बऱ्याच जणांचं त्यात भागतं. शून्यच करायचं ठरलं तर दुसऱ्या डोळ्याला फार उशीर करू नका.

मधला रस्ताही आहे, एक डोळा लांबसाठी आणि दुसरा उणे सव्वा-दीड ठेवायचा. माझं तसंच आहे. स्वयंपाक, कॉम्प्युटर, भाजीबाजार सगळं बिनचष्म्याचं, औषधाच्या बाटलीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांना चष्मा, आणि रात्री गाडी चालवायची असेल तर एक वेगळा. मला जमलं, सगळ्यांना जमतंच असं नाही, मोतीबिंदू फार दाट नसेल तर आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून असं बघायची सवय होते का ते करून बघता येतं.

आता ती महागडी ट्रायफोकल. तिच्यावर बारीक बारीक वर्तुळं कोरलेली असतात, आत येणारा उजेड ती लांब, मधलं, जवळ अशा तीन ठिकाणी वाटून टाकते. चष्मा सुटतो हे खरं, माझा एक ऑफिसातला सहकारी हॉटेलचं मेन्यूकार्ड मिरवत वाचतो. पण वाटलेला उजेड म्हणजे प्रत्येक वाट्याला कमी, त्यामुळे संधिप्रकाशात फिकट गोष्टी उठून दिसत नाहीत, आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. याच गृहस्थाने घाटात रात्री गाडी चालवणं सोडलंय, समोरच्या ट्रकचा हेडलाइट आला की भोवती चक्र फिरतं म्हणे. बऱ्याच जणांच्या मेंदूला काही महिन्यांत सवय होते, काहींना नाहीच होत.

आईंच्या बाबतीत याहून मोठा मुद्दा डायबिटीसचा. पडद्याच्या मधल्या भागाला सूज असेल किंवा रक्तस्रावाचे डाग असतील तर आधीच धूसर असणाऱ्या पडद्यावर वाटलेला उजेड पडणार. पडदा खराब असेल किंवा काचबिंदूने नस गेलेली असेल तर बहुतेक डॉक्टर स्वतःहूनच मल्टिफोकल-ट्रायफोकल नको म्हणतात. त्यामुळे ऑपरेशन ठरायच्या आधी बाहुली मोठी करून पडदा तपासणं आणि ओसीटी (प्रकाशाने पडद्याच्या थरांचा फोटो काढतात ती तपासणी) करून घ्याच, जास्त उणे नंबरवाल्यांचा पडदा तसाही पातळ आणि ताणलेला असतो. आज रिपोर्ट स्वच्छ आला तरी मी ट्रायफोकल घेणार नाही, कारण लेन्स जन्माची आणि डायबिटीसही जन्माचा. ईडॉफ म्हणजे फोकस लांबपासून मधल्या अंतरापर्यंत ताणलेली लेन्स, तिच्यात दिव्यांचा त्रास कमी, लांबचं आणि मधलं चांगलं, पण बारीक वाचायला चष्मा लागतोच, मग पोथीवाल्या बाईला त्याचे जादा पैसे कशाला?

टोरिकला मात्र चैन समजू नका. बुबुळाचा (म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, कॉर्नियाचा) आकार सगळीकडून सारखा गोल नसला की सिलिंडर नंबर येतो, तो एक-दीडच्या वर असेल तर टोरिक घेण्यात अर्थ आहे, नाहीतर साध्या लेन्सनंतरही अक्षरांना सावली राहते. पण चष्म्यातला सिलिंडर बघून ठरवू नका, त्यातला काही भाग मोतीबिंदू झालेल्या भिंगाचाच असतो आणि तो ऑपरेशनबरोबर जातो, केराटोमेट्रीत (बुबुळाची गोलाई मोजतात त्या तपासणीत) बुबुळाचा जो निघेल तो धरा. ही लेन्स ठरलेल्या कोनात बसावी लागते, १० अंश फिरली तर साधारण तिसरा हिस्सा परिणाम जातो, ३० अंश फिरली तर जवळजवळ सगळाच. आडवं झोपल्यावर डोळा थोडा गोल फिरतो म्हणून काही ठिकाणी ऑपरेशनच्या आधी बसवून बुबुळाच्या कडेला शाईची खूण करतात, कुठे मशीनने कोन धरतात. तुमच्याकडे काय करतात ते विचारा.

ब्रँडपेक्षा मोजमापाला जास्त जपा. डोळ्याची लांबी मोजण्यात एक मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच-तीनने चुकतो, मग वर कितीही महाग लेन्स असो. प्रकाशाने मोजणारं मशीन जास्त अचूक, पण मोतीबिंदू फार दाट झाला की त्यातून उजेड आरपार जात नाही आणि सोनोग्राफीवर भागवावं लागतं, त्यामुळे "अजून पिकू द्या" हा जुना सल्ला डोक्यातून काढा. डोळे कोरडे असतील तर आधी थेंब घालून ते सुधारा आणि मगच मोजा. पूर्वी लेझरने नंबर काढलेला असेल तर ते आवर्जून सांगायचं, सगळं गणित बदलतं. आणि घरातल्या पुरुष मंडळींसाठी, प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन ही गोळी चालू असेल किंवा पूर्वी घेतलेली असेल तर सर्जनला सांगाच, त्याने ऑपरेशनमध्ये बाहुलीभोवतीचा रंगीत भाग ढिला पडतो.

इंपोर्टेडचा आग्रहही सोडा. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या प्लास्टिकचे कण गेले आणि ते डोळ्याने निमूट सहन केले, त्यावरून हॅरोल्ड रिडलींनी १९४९ मध्ये लंडनला पहिली लेन्स बसवली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून त्याच लेन्स भारतात बनवायला घेतल्या आणि त्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या. भारतीय हायड्रोफोबिक (पाणी न शोषणाऱ्या) अ‍ॅक्रिलिक मोनोफोकल डोळे मिटून (हो हो, कळलं) घ्यावी अशी आहे. निळा प्रकाश गाळणारी पिवळी लेन्स पडदा वाचवते याला ठोस पुरावा नाही, आणि ज्याला "रोबोटिक लेझर" म्हणून जादा पैसे सांगतात त्या फेम्टो लेझरने शेवटची नजर नेहमीच्या फेकोपेक्षा (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढतात त्या ऑपरेशनपेक्षा) सरस होते असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही.

तर तुमच्या जागी मी असते तर ओसीटी, बुबुळाचा सिलिंडर जास्त निघाला तर टोरिक नाहीतर साधी मोनोफोकल, दोन्ही डोळ्यांना उणे अडीचच्या आसपास टार्गेट, पण आधी आईंना स्वतःला विचारून. त्या म्हणाल्या की आता मला चष्म्याशिवाय फिरायचंय, वाचायला लावीन, तर शून्य. एक डोळा करून महिनाभर बघा आणि दुसऱ्याचं टार्गेट त्यावरून हलवा, हे सगळ्यात उपयोगी पडतं.

मेडिक्लेम असेल तर बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूला प्रत्येक डोळ्यामागे वेगळी मर्यादा असते आणि पॉलिसी नवी असेल तर दोन वर्षांचा वेटिंग पिरियड, ते आधी फोन करून विचारा, वरचा फरक खिशातून जातो. डिस्चार्जच्या वेळी लेन्सचा स्टिकर, ज्यावर पॉवर, मॉडेल आणि सीरियल नंबर असतो, फाइलला लावून घ्या आणि फोटो काढून ठेवा. पुढे कधी लेन्समागे जाळी येऊन परत धूसर झालं तर यॅग लेझरने पाच मिनिटांत साफ होतं, फक्त लेन्सच पटत नाहीये, बदलायची आहे असा विचार चालू असेल तर यॅग करू देऊ नका, त्यानंतर लेन्स काढणं फार अवघड होतं.