संगणक सतत हँग होतो. विंडोज सोडून लिनक्सवर जावे का?

आपण लिहिले आहे की २०१६ साली घेतलेला, सहाव्या पिढीच्या आय-थ्रीचा आणि ४ जीबी रॅमचा संगणक दिवसातून दोन-तीनदा हँग होतो, मधूनच विंडोज कोसळल्याचा निळा पडदा येतो आणि दोनदा फॉरमॅट मारूनही फरक पडला नाही. दुकानदार नवा घ्या म्हणतो, मित्र लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाक म्हणतो, तर कोणाचे ऐकावे. इतक्यात दोघांचेही ऐकू नये, असे माझे मत आहे. दोनदा फॉरमॅट करूनही जे दुखणे गेले नाही, ते विंडोजचे असण्याची शक्यता कमी आहे, आणि ते यंत्राचेच असेल तर लिनक्स टाकल्यावरही ते तुमच्या पाठोपाठ येईल. माझ्या बाबतीत नेमके तेच झाले.

मी सांगलीत वीसेक वर्षे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे, काम करतो. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल असे ते काम आहे. सहा वर्षांपूर्वी माझे मुख्य यंत्र अगदी तुमच्यासारखेच वागू लागले. माउसचा बाण जागच्या जागी थिजायचा, नमलॉकची कळ दाबूनही तिचा दिवा विझायचा नाही, आणि कॅबिनेटवरचे बटण पाच-सहा सेकंद दाबून धरण्यावाचून उपाय उरायचा नाही. (दिव्याची ही खूण लक्षात ठेवा. कळ दाबल्यावर दिवा बदलत असेल तर बहुधा एखादाच प्रोग्रॅम अडकलेला असतो. बदलत नसेल तर सारे यंत्रच अडकले आहे असे समजावे.) मी तीन वेळा विंडोज नव्याने टाकले, अँटिव्हायरस बदलला, आणि शेवटी एका रात्री वैतागून लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार टाकला. पहिले पंधरा दिवस यंत्र एकदाही अडकले नाही, आणि भेटेल त्याला मी लिनक्सचे गुणगान ऐकवू लागलो. सोळाव्या दिवशी एका पतसंस्थेच्या अहवालासाठी संचालक मंडळाची मोठी छायाचित्रे उघडली आणि बाण थिजला. नमलॉक दाबून पाहिले, दिवा तसाच.

त्यानंतर मी एक वही घातली. यंत्र अडकले की तारीख, वेळ, त्या क्षणी काय उघडे होते आणि वीज येऊन-जाऊन होती का, एवढे लिहायचे. सतरा नोंदी झाल्या तेव्हा दिसले की त्यांतील चौदा वेळा मोठी छायाचित्रे उघडलेली होती, म्हणजेच रॅम जवळजवळ भरलेली होती. पहिल्या पंधरा दिवसांत मी लिनक्सवर नुसता मजकूर टाइप करत होतो, त्यामुळे रॅमच्या खराब भागापर्यंत काम पोहोचलेच नव्हते, हे त्या शांततेचे कारण होते. मग मेमटेस्ट८६+ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून यंत्र त्यावरून सुरू केले. त्याला कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम लागत नाही. तो रॅमच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक आकडे लिहितो आणि तेच आकडे जसेच्या तसे परत वाचता येतात का हे पाहतो. चाळीस मिनिटांनी पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या. रॅमच्या दोन्ही कांड्या काढून त्यांचे सोनेरी टोक खोडरबराने पुसले, आणि एका वेळी एकच कांडी लावून पुन्हा तपासणी केली. एक कांडी रात्रभर निर्दोष चालली. दुसरी कोणत्याही स्लॉटमध्ये लावली तरी लाल ओळी देत राहिली. ती बदलली आणि वहीतील नोंदी तिथेच थांबल्या.

त्या रॅमने केलेले खरे नुकसान मात्र नंतर कळले. डिस्कवर जाणारी प्रत्येक फाइल रॅममधूनच जाते, आणि रॅम चुकीचा आकडा देत असेल तर कॉपी करताना संगणक कसलीही तक्रार न करता चुकीची प्रत बनवतो. मी त्या काळात घेतलेल्या बॅकअपमधील काही छायाचित्रे आज उघडली तर वरचा अर्धा भाग नीट दिसतो आणि नवरा-नवरीच्या खांद्याखाली सपाट करडा पट्टा येतो. म्हणून तुमच्या यंत्राचे निदान होईपर्यंत महत्त्वाच्या फायलींचा जुना बॅकअप पुसून त्यावर नवा घेऊ नका. नवा वेगळ्या डिस्कवर घ्या आणि त्यातील चार-दोन फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

आता तुमच्या यंत्राविषयी. आधी ‘हँग’ म्हणजे काय ते ठरवा, कारण आपल्याकडे हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. यंत्र दोन-तीन मिनिटे काही करत नाही आणि मग आपोआप चालू लागते, त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के दिसते, असे असेल तर ते बिघडलेले नसून दमलेले आहे. ४ जीबी रॅम आणि फिरती हार्डडिस्क यांवर विंडोज १० चालवल्यास असे होणारच. रॅम ८ जीबी केली आणि हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) लावली की हे दुखणे जाते. मात्र सहाव्या पिढीचे प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर३एल या दोन्ही प्रकारच्या रॅमसाठी बनवलेल्या मदरबोर्डांवर बसवले जात, तेव्हा जुनी कांडी हातात घेऊन दुकानात जा. यंत्र कायमचेच थिजत असेल किंवा निळा पडदा येत असेल, तर मात्र तपास करावा लागेल.

विंडोजच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ टाइप केले की विश्वासार्हतेचा इतिहास दाखवणारी एक खिडकी उघडते. तिच्यात दिवसागणिक काय बंद पडले हे लाल खुणांनी दाखवलेले असते आणि यंत्राला १ ते १० यांमधील गुण दिलेले असतात. ही सोय विंडोज व्हिस्टापासून आहे, पण ती उघडून पाहिलेला माणूस मला क्वचितच भेटला आहे. लाल खुणा दर वेळी एकाच प्रोग्रॅमच्या किंवा ड्रायव्हरच्या (एखादा सुटा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) नावाने असतील तर यंत्र निर्दोष असू शकते. दर वेळी वेगळेच नाव दिसत असेल तर रॅमवर संशय घ्यावा. विंडोजची नोंदवही असलेल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली तर तिचा अर्थ एवढाच की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. पण तिच्याबरोबर निळ्या पडद्याचा काही संकेतांक नसेल तर एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), यूपीएसची बॅटरी आणि घरातील अर्थिंग तपासायला हवे. हार्डडिस्कची तब्येत पाहायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम पुरेसा आहे. त्यात ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरांचे (डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागांचे) आकडे शून्य असावेत. आठवड्यागणिक ते वाढत असतील तर पुढची तपासणी बाजूला ठेवून आधी फायली हलवा. आणखी एक साधी गोष्ट: विंडोज १०मध्ये ‘शट डाउन’ केल्यावर, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर, विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते. म्हणून रोज रात्री यंत्र बंद करणाऱ्यांच्या टास्क मॅनेजरमध्येही ‘अपटाइम’ (यंत्र सलग चालू असल्याचा काळ) वीस-वीस दिवसांचा दिसतो. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’नेच होते.

निळा पडदा दिसला की आपण मायक्रोसॉफ्टला बोल लावतो, पण तो पडदा दुसऱ्याच कुणाच्या चुकीमुळेही येतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी निळे पडले आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या कंपनीचा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्याशी चालत असल्यामुळे तो कोसळला तेव्हा सारे यंत्रच कोसळले. तुमच्या ग्राफिक्स कार्डचा किंवा अँटिव्हायरसचा ड्रायव्हरही त्याच जागी बसून काम करू शकतो.

तपासणीत यंत्र निर्दोष निघाले, किंवा रॅम-डिस्क बदलून ते सुधारले, तरीही लिनक्सचा विचार करण्याला तुमच्या बाबतीत एक सबळ कारण उरतेच. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो, तुमचे यंत्र त्यात बसत नाही. अशा यंत्रावर इंटरनेट आणि बँकेचे व्यवहार करायचे असतील तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकणे हे नवा संगणक घेण्यापेक्षा शहाणपणाचे ठरू शकते. टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून पाहा. त्यात डिस्कवरचे काही पुसले जात नाही, आणि वायफाय, आवाज, वेबकॅम चालतात का हे अर्ध्या तासात कळते. शिवाय त्या लाइव्ह सत्रातही यंत्र थिजले, तर विंडोज निर्दोष असल्याचा पुरावाच हाती येतो.

अडचण येते ती आपल्या कामांची. हिशेबाचे टॅली विंडोजवरच चालते. जीएसटी किंवा निविदांसाठी डिजिटल सहीचे टोकन वापरत असाल तर त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का हे आधी पाहा. माझा छोटा लेझर प्रिंटर लिनक्सवर तीन दिवस झगडूनही धड चालला नाही, कारण असे स्वस्त प्रिंटर पान स्वतः तयार करत नाहीत, ते काम संगणकातील ड्रायव्हरकडून करून घेतात, आणि तो ड्रायव्हर कंपनीने फक्त विंडोजसाठी नीट बनवलेला असतो.

माझा सर्वांत जास्त वेळ मात्र फाँटांनी खाल्ला. आपल्याकडील छापखान्यांत अजूनही विंडोजवर पेजमेकर ७ हा पाने जुळवण्याचा प्रोग्रॅम चालतो. ही त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची आहे आणि तिला युनिकोड (सर्व भाषांच्या अक्षरांना ठरावीक संकेतांक देणारी जागतिक पद्धत) कळत नाही. त्यात आपण जुन्या मराठी फाँटांत जे लिहितो ते संगणकाच्या लेखी मराठी नसतेच; रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार चिकटवलेले असतात, आणि तो फाँट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल रोमन अक्षरे, टिंबे आणि उद्गारचिन्हे यांची खिचडी होऊन उघडते. मी पंधरा वर्षांचे मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणू लागलो तेव्हा ‘निर्मिती’ हा एक शब्द किती त्रास देऊ शकतो हे समजले. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, म्हणजे हात चालतो तसा क्रम साठवला जातो. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर आणि रफाराचा ‘र्’ पुढच्या व्यंजनाच्या आधी साठवावा लागतो. एकाच शब्दात दोन पहिल्या वेलांट्या आणि एक रफार आला की कन्व्हर्टरचा गोंधळ उडत असे, आणि असे शब्द पतसंस्थेच्या अहवालात ओळीओळीला असतात. ‘दुसऱ्या’मधला र तर युनिकोडमध्येही दोन प्रकारे लिहिता येतो, त्यामुळे डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द शोधताना एकमेकांशी जुळत नाहीत.

टायपिंगच्या बाबतीत तुम्हाला इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक येत असेल तर तुम्ही सुटलात. हा कळफलक विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर आहे. ळ आणि ऱ कुठेही बसलात तरी ल आणि र यांच्याच कळांवर शिफ्ट दाबून मिळतात. जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीने किंवा रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांना मात्र नव्या जागी सवय बदलावी लागते, आणि माझ्याकडे काम करणाऱ्या ताईंनी याच एका कारणावरून लिनक्सच्या यंत्रावर बसायला दोन महिने नकार दिला होता.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच यंत्रावर ठेवायचे ठरवले तर विंडोजमधील फास्ट स्टार्टअप आधी बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येणार नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. लिनक्समधून परत विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसले तर घाबरू नका. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ ठेवते आणि लिनक्स ग्रीनिचची. एका सेटिंगने हे भांडण मिटते. मॅकविषयी एवढेच सांगतो की तो चांगला आहे, पण टॅलीची अडचण तिथेही सुटत नाही आणि पैसे मात्र बरेच जातात.

माझ्या दुकानात आज दोन यंत्रे चालतात. इंटरनेट, पीडीएफ आणि नवा मजकूर लिनक्सवर. जुना पेजमेकर विंडोज ७च्या एका यंत्रावर, ज्याची नेटची वायर मी कायमची काढून टाकली आहे. तुम्ही आधी मेमटेस्ट रात्रभर चालवा आणि डिस्कचे ते दोन आकडे पाहा. लाल ओळी आल्या का, आणि निळ्या पडद्यावर खाली इंग्रजी मोठ्या अक्षरांत जे ‘स्टॉप कोड’ येते ते काय होते, एवढे इथे कळवलेत तर पुढचे सांगता येईल.