आधी वाट बांध, मग बंदूक उचल

गड्या, आपोआप मारा करणारे टॉवर उभारून अन् स्वतः बंदूक चालवून शत्रू अडवायचे गेम खेळायचे असतील, तर ‘सँक्टम’पासूनच सुरुवात कर. स्वीडनच्या कॉफी स्टेन स्टुडिओजचा हा गेम २०११ चा आहे, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालायची आशा धर. नवीन पोरं शत्रूच्या पहिल्याच लाटेत, म्हणजे झुंडीत, बंदूक घेऊन धावतात अन् जो राखायचा तो गाभा, म्हणजे कोअर, गमावतात. तू तसं करू नको. लाट सुरू व्हायच्या आधी मिळालेला वेळ पूर्ण वापर. तुरीच्या वावरात जागल केली आहेस ना? रानडुकरं कुंपणाच्या फटीतूनच घुसतात, म्हणून आपण मचाण तिथंच घालतो. इथंही तेच. वाट पूर्ण बंद करता येत नाही, पण ठोकळे लावून ती नागमोडी करता येते. शत्रू जितका लांब फिरेल, तितका वेळ टॉवरच्या माऱ्यात राहील. मला तर खरा खेळ हाच वाटतो.

टॉवर वळणावर ठेव, म्हणजे येताना अन् जाताना दोन्हीकडून मारा होतो. थोड्या टॉवरांनाच अपग्रेड दे. स्वतः मात्र टॉवरांना न आवरणाऱ्यांवरच नेम धर, अन् तोही त्यांच्या नाजूक जागेवर.

२०१३ चा दुसरा भाग नंतर घे. त्यात टॉवरसाठीचं सामान फार तुटपुंजं मिळतं.