शेपट्या चावतायत? आधी खाद्य बघ
भाऊ, डुकराची पिल्लं एकमेकांची शेपटी चावायला लागली की लगेच औषधामागे पळू नको, आधी खाद्यात मका किती नि सोयापेंड किती ते बघ. मक्यात ट्रिप्टोफॅन (प्रोटीनमधला एक घटक, अमिनो आम्ल) मुळातच कमी आणि सेरोटोनिन, म्हणजे मेंदू शांत ठेवणारं रसायन, बनतं ते त्याच्यापासूनच, वर मक्यातलं ल्युसिन (हेही अमिनो आम्लच) मेंदूत शिरताना त्याच्याशीच धक्काबुक्की करतं, म्हणून नुसतं प्रोटीन वाढवून भागत नाही, लायसिन या आणखी एका अमिनो आम्लाच्या साधारण 17 ते 20 टक्के ट्रिप्टोफॅन हवं (फीडवाल्याला खोदून विचार, आपणहून सांगत नाहीत हे लोक). शेड घाण असेल, पिल्लं आजारी असतील तर तेच ट्रिप्टोफॅन शरीर कायन्युरेनिन नावाचं दुसरंच रसायन बनवायला वळवतं, मग खाद्य चांगलं असूनही कमी पडतं. गर्दी कमी कर, चघळायला पेंढा टाक, जखमी पिल्लू आजच वेगळं काढ.