हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं रोज वजन कशाला करायचं?

वजन जाडी बघायला नाही वो, हार्ट कमजोर होऊन रक्त नीट ढकलत नाही, त्यामुळं अंगात पाणी साठतंय का ते कळायला करायचं. मी बेळगावात नर्स आहे, खानापूर साइडचे पेशंट येतात तेव्हा पाय भोपळ्यासारखे सुजलेले असतात आणि घरचे म्हणतात काल-परवापर्यंत बरे होते की. सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन करा, वहीत लिहा, 3 दिवसांत 2 किलोच्या वर वाढलं तर डॉक्टरांना लगेच फोन. नडगीवर अंगठा दाबून बघा, खड्डा राहतो का. आणि एका उशीवर झोपणारा माणूस आडवं झाल्यावर धाप लागते म्हणून आता तीन उशा मागत असेल तर तेही सांगा, ते कोणीच सांगत नाही! लोणचं-पापड बंद, मिठानं पाणी साठतं. बसल्याजागी धाप, छातीत दुखलं तर वजनबिजन सोडा, 108 लावा.