समाजमाध्यमे आणि लोकशाहीतील संवाद : वाचकांचे प्रश्न

समाजमाध्यमांमुळे लोकशाहीचे नेमके काय होत आहे, या विषयावर वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : २०११ च्या सुमारास समाजमाध्यमांमुळे हुकूमशाह्या कोसळतील, असे म्हटले जात होते. आज तीच माध्यमे लोकशाहीच्या मुळावर उठली आहेत, असे ऐकू येते. यांतले खरे काय मानावे?

उत्तर : दोन्ही गोष्टींत तथ्य आहे आणि दोहोंचे मूळ एकच आहे. हजारो लोकांपर्यंत आपले म्हणणे पोहोचवण्यासाठी पूर्वी छापखाना, वितरणाची व्यवस्था किंवा प्रक्षेपणाचा परवाना लागत असे. ती अट गळून पडली. ट्युनिशिया आणि इजिप्तमधील आंदोलकांना याचा इतका उपयोग झाला की, इजिप्तच्या सरकारने जानेवारी २०११ च्या अखेरीस देशातील इंटरनेट जवळजवळ पूर्ण बंद केले, आणि तरीही रस्त्यावरची गर्दी हटली नाही. मात्र माणसे जमवणे हे एक काम झाले. जमलेल्या माणसांनी राज्यघटना, निवडणुका आणि सत्तेची वाटणी यांवर एकमेकांशी घासाघीस करून काही ठरवणे हे निराळे काम आहे, आणि त्यासाठी ही माध्यमे फारशी उपयोगी पडली नाहीत. म्यानमारमध्ये तर हीच सोय रोहिंग्यांविरुद्ध द्वेष पसरवण्यासाठी वापरली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ मध्ये फेसबुकवर ठपका ठेवला, आणि हिंसाचाराला चिथावणी देण्यासाठी होणारा वापर रोखण्यात आपण कमी पडलो, हे कंपनीनेही त्याच वर्षी मान्य केले.

प्रश्न : खोटी माहिती खऱ्यापेक्षा वेगाने पसरते, हे खरे आहे का? आणि त्यामागे बनावट खाती चालवणारी यंत्रणा असते की आपणच?

उत्तर : या प्रश्नावरचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग त्यांनी काढला. त्या बातम्या सुमारे ३० लाख लोकांनी पसरवल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त आढळली. स्वयंचलित खाती हिशेबातून वगळून पाहिली तरी निष्कर्ष बदलला नाही. खोट्या बातमीत नावीन्य असते, ती वाचून आश्चर्य किंवा किळस वाटते, आणि म्हणून माणसे स्वतःहून ती पुढे सरकवतात, असे संशोधकांना दिसले. येथे एक मर्यादा लक्षात ठेवावी लागेल : ज्या बातम्यांची पडताळणी करणाऱ्या संस्थांनी दखल घेतली होती, तेवढ्याच या अभ्यासात होत्या. त्यामुळे ‘समाजमाध्यमांवरील प्रत्येक खोटी गोष्ट वेगाने पसरते’ असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

‘आपणच’ हे उत्तरही सरसकट लागू पडत नाही. अमेरिकेतील २०१६ च्या निवडणुकीच्या काळातील ट्विटरची पाहणी केली असता, खोट्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळांचे जे दुवे पसरवले गेले, त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के दुवे केवळ ०.१ टक्का खात्यांनी पसरवले होते, असे आढळले. म्हणजे बहुसंख्य लोक फार तर अधूनमधून चुकतात आणि मूठभर लोक दिवसरात्र तेच काम करतात. असे असेल तर साऱ्या समाजाला उपदेश करत बसण्यापेक्षा पुढे पाठवण्याच्या क्रियेतच थोडा अडथळा निर्माण करणे अधिक फलदायी ठरू शकते. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात आणि २०१९ मध्ये जगभर, एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये बरेचदा फिरून आलेल्या निरोपांसाठी ती एकावर आणली. असे निरोप त्यानंतर ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीने सांगितले. हा आकडा कंपनीचा स्वतःचा आहे, तेव्हा तो जपूनच घ्यावा. पण कोणाचाही निरोप न वाचता आणि कोणाचेही तोंड न दाबता हे करता आले, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

प्रश्न : मी सार्वजनिक विषयांवरील चर्चेत पुरावे देऊन, सौम्य भाषेत उत्तर लिहिते. तरीही समोरची व्यक्ती अधिकच हट्टाला पेटते. विरुद्ध मते वाचली की माणसाची दृष्टी व्यापक होते, असे आपण मानत आलो आहोत. ते चूक आहे का?

उत्तर : ते पूर्ण चूक नाही, पण मत कोणत्या परिस्थितीत वाचले जाते याला फार महत्त्व आहे. अमेरिकेतील एका प्रयोगात ट्विटर वापरणाऱ्या दोन्ही पक्षांच्या समर्थकांना, विरोधी बाजूची मते रोज दाखवणारे एक खाते महिनाभर अनुसरण्यासाठी मोबदला देण्यात आला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रिपब्लिकन समर्थक आपल्या मतांत आणखी कट्टर झाले. डेमोक्रॅट समर्थकांत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. दोन्हींपैकी एकही गट विरोधी बाजूकडे झुकला नाही.

असे का व्हावे, हे कळण्यासाठी एखादा वाद क्रमाने वाचून पाहावा. एक जण प्रस्तावित करवाढीबद्दल काही विधान करतो. दुसरी व्यक्ती ते खोडून काढते आणि सोबत अंदाजपत्रकाचे पान जोडते. तिसरा, ज्याचा या चर्चेशी काडीचाही संबंध नव्हता, ‘आधी बेरीज शिकून या’ एवढेच लिहून जातो. आता त्यांखालचे आकडे पाहा : अंदाजपत्रकाच्या पानाला दोन-तीन अंगठे आणि टोमण्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मूळ विधान करणारा चौथे उत्तर लिहितो ते टोमणा मारणाऱ्याला उद्देशून, आणि पान कोणी उघडून पाहिले की नाही हा प्रश्नच मागे पडतो. या टप्प्यावर त्याने ‘तुमचा मुद्दा बरोबर आहे’ असे म्हणायचे ठरवले, तर ते त्याला ओळखीच्या शेकडो लोकांसमोर म्हणावे लागते. समोरासमोरच्या बोलण्यात माणूस हळूच विषय बदलून माघार घेऊ शकतो. येथे ती वाट बंद असते. तुमच्या पुराव्यांत खोट आहे म्हणून ते निष्फळ ठरतात असे नाही. सार्वजनिक वादात प्रत्येक जण प्रतिपक्षाकडे तोंड करून, पण स्वपक्षासाठी बोलत असतो, आणि आपल्या लोकांपुढे हार पत्करणे फारच थोड्यांना जमते.

माध्यमाची घडण या प्रवृत्तीला खतपाणी घालते. कोणता मजकूर कोणाला आधी दाखवायचा हे ठरवताना फेसबुकने २०१७ पासून काही काळ राग, आश्चर्य, हसू अशा चिन्हांना साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले होते, हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून उघड झाले. रागाच्या चिन्हाचे वजन पुढे शून्यावर आणण्यात आले. तरीही सारा दोष अल्गोरिदमवर, म्हणजे मजकुराचा हा क्रम ठरवणाऱ्या संगणकीय सूत्रावर, टाकण्याची जी रीत पडली आहे, ती मला पटत नाही. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या काही वापरकर्त्यांना तीन महिने केवळ काळाच्या क्रमाने लागलेला मजकूर दाखवण्यात आला. त्यांचा तेथे जाणारा वेळ कमी झाला, परंतु राजकीय दुहीच्या भावनेत लक्षणीय फरक पडला नाही, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. २०१८ मधील आणखी एका प्रयोगात लोकांनी चार आठवडे फेसबुक पूर्ण बंद ठेवले; तेव्हा धोरणविषयक मतांतील दुही थोडी घटली आणि मनःस्वास्थ्य किंचित सुधारले, पण त्याबरोबर बातम्यांचे ज्ञानही कमी झाले. माध्यम सोडून देणे हा फुकटचा उपाय नाही, एवढे यातून दिसते.

तुमच्यापुरते विचाराल, तर ज्या व्यक्तीचे मत बदलावे असे खरोखर वाटते, तिला खासगी निरोप पाठवावा किंवा फोन करावा. जाहीर उत्तर अवश्य लिहावे, पण ते मूकपणे वाचणाऱ्यांसाठी आहे हे ध्यानात ठेवून लिहावे. त्यांची संख्या नेहमीच लिहिणाऱ्यांहून मोठी असते.

प्रश्न : मग सरकारांनी कठोर कायदे करून या कंपन्यांना वठणीवर का आणू नये?

उत्तर : आणावे, पण कशासाठी याचा नीट विचार करून. कोणता मजकूर ‘आक्षेपार्ह’ हे ठरवण्याचा मोघम अधिकार सरकारच्या हाती दिला, की त्याचा पहिला फटका सरकारवर टीका करणाऱ्यांना बसतो. भारतातील माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले, ते त्यातील शब्दरचना इतकी संदिग्ध होती म्हणूनच. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने वेगळा मार्ग धरला आहे. संघातील ज्या मंचांचे मासिक वापरकर्ते ४.५ कोटी किंवा त्याहून अधिक आहेत, त्यांनी आपल्या रचनेमुळे नागरी चर्चेला आणि निवडणुकांना कोणते धोके संभवतात याचे दरवर्षी मूल्यमापन करायचे, त्यांवर उपाय योजायचे आणि पात्र संशोधकांना माहिती उपलब्ध करून द्यायची. कसूर केल्यास जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. वाक्यांपेक्षा यंत्राची तपासणी करणारा हा दृष्टिकोन मला अधिक सुरक्षित वाटतो.

प्रश्न : इंटरनेटवर चांगली नागरी चर्चा कोठे झाली आहे का?

उत्तर : तैवानमध्ये २०१५ साली, उबरसारख्या टॅक्सीसेवांना परवानगी द्यावी का, या वादावर ‘पोलिस’ नावाची ऑनलाइन प्रणाली वापरली गेली. (नावावरून गैरसमज नको; तिचा पोलीस खात्याशी संबंध नाही.) तिच्या पडद्यावर एका वेळी एका नागरिकाचे एकच विधान दिसते आणि खाली सहमत, असहमत व पुढे चला, असे तीनच पर्याय असतात. कोणाच्याही विधानाला थेट उत्तर देण्याची सोय तिच्यात नाही. म्हणणे पटत नसेल, तर आपले वेगळे विधान मांडायचे, ज्यावर इतर जण कौल देतील. मतांच्या साधर्म्यावरून गटांचा नकाशा तयार होतो आणि परस्परविरोधी गटांनाही मान्य असलेली विधाने ठळकपणे पुढे येतात. उबरच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन तट प्रथम पडले, पण प्रवाशांचा विमा आणि चालकांची रीतसर नोंदणी यांसारख्या मुद्द्यांवर सहमती आढळली, आणि २०१६ मध्ये झालेल्या नियमांत त्यांतले बरेच काही उतरले. मात्र अशा चर्चेतून निघालेला कौल सरकारवर बंधनकारक नव्हता, आणि या उपक्रमावर आजही घेतला जाणारा मुख्य आक्षेप तोच आहे.